घाटावरची डाळ

आमच्या आईचा माणसांवर पटकन विश्वास बसायचा, पाण्यावर मात्र बसायचा नाही. परक्या गावात कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ती आधी एक घोट तोंडात घोळवायची, आभाळाकडे बघत गिळायची आणि "बरं हाये" किंवा "जड हाये" एवढंच बोलायची. बरं म्हणजे त्या पाण्यात तूरडाळ मऊ शिजते. जड म्हणजे कितीही उकळा, दाणा दाताखाली येणारच. पण नुसत्या घोटावर तिचं समाधान व्हायचं नाही. खरा निकाल डाळ शिजवूनच लागायचा, आणि त्यासाठी आमच्या घरात एक पिशवी खुंटीला कायम तयार टांगलेली असायची. वातींचा छोटा स्टोव्ह, रॉकेलची बाटली, झाकणाचं जर्मनचं पातेलं, पळी, पुडीत मूठभर डाळ, हळद, मीठ. इतर लोक सहलीला जाताना पत्ते नाहीतर चेंडू नेत असतील. आम्ही डाळ न्यायचो आणि गावोगावच्या नद्यांच्या घाटावर बसून ती शिजवायचो. हे सांगितलं की माझी नातवंडं खो खो हसतात. त्यांना वाटतं आजी रंगवून सांगते. आजी रंगवून सांगतेच, पण ही गोष्ट रंगवायची गरज नाही.

वडिलांना मी भाऊ म्हणायचे, कारण त्यांचे धाकटे भाऊ त्यांना तसं म्हणत आणि मी त्यांचं ऐकूनच बोलायला शिकले. भाऊ लोणावळ्याला रेल्वेत होते. खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, ती लोणावळ्यात आली की सोडवतात. सोडवणाऱ्या मंडळींत भाऊ. डबा आणि इंजिन यांच्यामधे वाकून उभं राहायचं, दोघांना जोडणारं लोखंडी कपलिंग काढायचं, बाहेर येऊन हात वर करायचा. आमचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ होतं की कपलिंग सुटल्याचा खणका स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तो ऐकला की आई म्हणायची, "ह्ये तुज्या बापाचं." तिला खरोखर ओळखू येतं असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आता वाटतं, ती प्रत्येकच खणक्याला तसं म्हणत असणार. पण तेव्हा मी शाळेत मैत्रिणींना छातीठोकपणे सांगायचे की माझे वडील लोखंड वाजवतात ते वेगळंच वाजतं.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी. सकाळी वारा बाजाराच्या बाजूनं असला की चिक्कीच्या भट्ट्यांवरचा गुळाच्या पाकाचा वास घरात भरायचा. चिक्की आम्ही स्वतः फारशी खाल्ली नाही. ती पाहुण्यांना द्यायची आणि परगावी न्यायची वस्तू. आमच्या जिभेला हवी असायची ती आईची आमटी. आई टाकवे बुद्रुकची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचं लग्न जरा उशिरा झालं आणि भाऊंचं तर फारच उशिरा. त्याआधी बरीच वर्षं भाऊ एकटे राहून हातानं रांधून खायचे. लग्न झालं आणि त्यांनी पळी आईच्या हवाली केली ती केलीच, परत चुलीकडे फिरकले नाहीत. मी त्यांची एकुलती एक. मला भाकरी थापता यायच्या आधी आईनं आमटी शिकवली, आणि आमटीचा तिचा कायदा एकच होता. "डाळ शिजल्याबिगर चिंच टाकायची न्हाई. आंबट आदी पडलं का दाणा रुसतो. मंग कितीबी जाळ घाल, फुटत न्हाई." मी एकदा घाईघाईत चिंचेचा कोळ आधी ओतला होता, तर त्या दिवशी आम्ही तिघांनी डाळ चण्यासारखी चावून खाल्ली. आई मला रागावली नाही. फक्त चिंचेची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

घरातले भाऊ आणि बाहेरचे भाऊ अशी दोन माणसं होती. घरातले भाऊ ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. झोपायचे नाहीत, नुसते पडून राहायचे. त्यांचं गाव पवनेच्या काठावर होतं आणि ते धरणात गेलं होतं. घरं, देऊळ, आमराई, सगळ्यावर पाणी. भाऊबंदांना जिथं जमिनी मिळाल्या तिथं ते पांगले. भाऊ आधीच नोकरीत असल्यामुळे कुठंच गेले नाहीत. याबद्दल ते कधी बोलत नसत. कुणी सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" तर म्हणायचे, "पवनेकडचं," आणि लगेच, "तुमचं?" समोरचा माणूस आपल्या गावाबद्दल भरभरून बोलायला लागायचा आणि भाऊंची सुटका व्हायची. आपल्याकडे ओळख सांगायची म्हणजे आधी गाव सांगायचं. जत्रा गावची, आंबे गावचे, भांडणंसुद्धा गावची. माझ्या वडिलांकडे यातलं काहीच सांगायला उरलं नव्हतं. मला ते लहानपणी समजलं नाही. मला फक्त त्यांची पाठ दिसायची.

निवृत्ती दिसायला लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला, कारण क्वार्टर रेल्वेचं. नोकरी संपली की किल्ली परत. शेजारचे लोक लोणावळ्यातच नाहीतर तळेगावच्या बाजूला प्लॉट बघत होते. भाऊंनी साफ नकार दिला. त्यांना प्लॉट नको होता, गाव हवं होतं. नदी असलेलं, नदीला दगडी घाट असलेला, आणि घाटावरून वर चढलं की जुनी पेठ लागेल असं लहानसं गाव. का, तर म्हणे कॉलनीत माणसाला नंबरानं ओळखतात, पेठेत आडनावानं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली अट घातली. "तुमी गाव पसंत करा. पन जल्मभर पानी मी भरनार हाये. डाळ शिजंल तितंच घर." भाऊंना हे मनापासून पटलं. त्या काळात आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत बायकोला विचारून घर घेणारा पुरुष मला तरी दुसरा आठवत नाही. अशी आमची रविवारची भटकंती सुरू झाली.

रविवार म्हणायचं ते सवयीनं. भाऊंची रजा ज्या दिवशी पडेल तो आमचा रविवार. मग मला शाळा बुडवायला मिळायची. आई पहाटे उठून तांदळाच्या भाकरी थापायची, शेंगदाण्याची चटणी वाटायची, कांदे घ्यायची आणि खुंटीवरची पिशवी काढायची. भाऊ इस्त्रीचा सदरा घालायचे, चिक्कीचे पुडे घ्यायचे. एस. टी.नं आम्ही गावात पोचलो की स्टँडवरून सरळ गावात शिरायचं नाही, हा भाऊंचा नियम. "स्टँडाकडनं गावात जानं म्हंजी मानसाला पाठीमागनं हाक मारन्यासारकं हाये," म्हणायचे. त्यामुळे आम्ही आडवळणानं, कधी शेताच्या बांधावरून, आधी नदी गाठायचो. घाटाच्या पायऱ्यांवर आई आपलं बिऱ्हाड मांडायची. जवळची विहीर नाहीतर आड शोधून पाणी आणायची, स्टोव्ह पेटवायची, डाळ चढवायची. आणि डाळ शिजेपर्यंत भाऊ मला घेऊन नदीकडून वर गाव बघायला निघायचे.

आणि इथं बाहेरचे भाऊ सुरू व्हायचे. पहिली पायरी चढली की त्यांचं तोंड सुटायचं. घाटाचे दगड बघून ते सांगायचे की पूर कुठपर्यंत येत असेल. देवळाच्या ओवरीत कोण बसतं, का बसतं, धुण्याचा दगड कुठला आणि तो तिथंच का. मग अरुंद रस्ता, दोन्हीकडे लाकडी फळ्यांची दुकानं. सकाळी फळ्या काढून भिंतीला लावायच्या, संध्याकाळी खाचेत बसवायच्या. धान्याची गल्ली, कासारांची भांडी, तेलाच्या घाण्याचा वास, सोनाराची ठकठक. वाईला आम्ही गेलो ते हळदीच्या दिवसांत. तिथल्या पेठेत माझ्या पांढऱ्या मोज्यांना पिवळी झाक आली ती शेवटपर्यंत गेली नाही. भाऊ कुठल्याही दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि "जरा पाणी मिळेल का?" विचारायचे. पाणी आलं की चिक्कीचा पुडा पुढे जायचा, आणि पाच मिनिटांत दुकानदार आपल्या आजोबांपासून सुरुवात करायचा. माझे वडील, जे घरी मिठाशिवाय काही मागत नसत, ते परक्या माणसांत बसून मांडीवर थाप मारून हसायचे. मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहायचे.

खाली घाटावर परत आलो की आईचा निकाल तयार असायचा. ती पळीत डाळ घेऊन दाखवायची. दाणा अख्खा. "जड हाये पानी," ती म्हणायची. भाऊ एक दाणा बोटांत दाबायचे, मान हलवायचे. "बरं. फुडलं गाव." मग आई त्यातच मीठ, गूळ घालून भाकरीबरोबर वाढायची आणि आम्ही ती कचकचीत आमटी मजेत खायचो. वाईची डाळ शिजली नाही. सासवडला तर कऱ्हेला त्या दिवसांत पाणीच नव्हतं. आईनं वाळूकडे बघून आधीच नाक मुरडलं आणि डाळही रीतीप्रमाणे रुसली. आणखी कुठल्या कुठल्या गावांना गेलो, नाव काढलं की मला ते गाव आठवण्याआधी तिथली कच्ची डाळ आठवते. भाऊ एकदाही चिडले नाहीत. परतीच्या एस. टी.त ते खिडकीशी बसून त्या गावाच्या पेठेची पुन्हा उजळणी करायचे आणि आई पिशवी मांडीवर घेऊन "हां, मंग?" म्हणत ऐकायची.

मग भोर आलं. नीरेच्या घाटावर आईला बसवून आम्ही राजवाड्याच्या दिशेनं निघालो आणि वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भाऊ एका म्हाताऱ्या दुकानदाराशी बोलण्यात रंगले होते. मी म्हटलं, आईकडून सेफ्टी पिन घेऊन येते. अनवाणी असल्यामुळे पायऱ्यांवर माझ्या पावलांचा आवाज झाला नाही. आईनं पातेल्यावरचं झाकण उचललं होतं. कमरेच्या कापडी पिशवीतून तिनं चिंचेचा एक गोळा काढला, चांगला बोराएवढा, आणि उकळत्या डाळीत सोडला. पळीनं ढवळून झाकण ठेवलं. मी बघतच राहिले. डाळ तर अजून निम्मीही शिजलेली नव्हती. माझी सावली पडली तशी ती वळली. लाजली नाही, दचकलीही नाही. "बस हितं," म्हणाली, आणि माझी चप्पल हातात घेऊन पिन लावायला लागली.

"अगं पण डाळ शिजायची नाही ना आता," मी म्हटलं.

"न्हाईच शिजाय पायजे."

"म्हणजे वाईलापण तू..."

"वाईचं पानी तर अमृत व्हतं," आई म्हणाली आणि दातांनी दोरा तोडावा तशी पिन दाबली. "सुमे, तुज्या बापाला घरी बगितलंस ना? भिंतीला तोंड लावून पडत्यात. अन् हितं? हितं कसं बोलत्यात? घर मिळालं का ह्ये हिंडनं संपलं. मंग पुन्यांदा खाट अन् भिंत. चार गावं जास्ती हिंडू दे की त्येनला." मग चप्पल माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "त्येंच्यापाशी बोलू नगंस." तेवढं सांगायची गरज नव्हती. मला शाळा बुडवायला मिळत होती, मी कशाला बोलते?

पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला आईचं नवल वाटायला लागलं ते आजतागायत वाटतं. आपल्या नवऱ्याला दुःख आहे हे पुष्कळ बायकांना कळतं. त्यावर चिंचेचा उपाय काढणारी बाई मी एकच पाहिली.

हे असंच कायम चाललं असतं तर बरं झालं असतं, पण रेल्वेला आमच्या भटकंतीशी काही देणंघेणं नव्हतं. निवृत्ती अगदी तोंडावर आली. क्वार्टर सोडायची सूचना आली. आता हे शेवटचेच एक-दोन रविवार, हे तिघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात टाकव्याहून मामा आला, म्हणजे आईचा थोरला भाऊ. कामशेतच्या बाजारात त्याला एक बातमी लागली होती. इंद्रायणीच्या काठी, आपल्याच मावळात, एका जुन्या गावात पेठेतलं एक घर निघालं होतं. त्या गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. लोणावळ्याचं रविवारी काय होतं ते सगळे बघतातच, उर्स्याच्या टोलनाक्यापासून गाड्यांची रांग लागते. वराळ्याच्या बाजूला उंच इमारतींना नदीची नावं देऊन झाली आहेत. माझं गाव अजून कुणाच्या फोनमध्ये शिरलेलं नाही, तेवढं राहू द्या.

त्या घराची मालकीण हुसेनबी मावशी. तीन पिढ्यांचा बांगड्यांचा धंदा. खाली फळ्यांचं दुकान, वर दोन खोल्या, वरच्या खिडकीतून खाली नदी. तिची मुलं पुण्यात स्थिरावली होती आणि तिला न्यायला आली होती. मुंबईचं एक गिऱ्हाईक घर पाडून बंगला बांधायच्या तयारीत होतं आणि संध्याकाळी तिचा होकार घ्यायला येणार होतं. आम्ही सकाळी पोचलो, नियमाप्रमाणे आडवाटेनं नदीवर. मामाचा निरोप पोचल्यामुळे मावशी चौकशी करत घाटावर आली, तेव्हा भाऊ पायऱ्यांवर उभे राहून पुराची खूण शोधत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "लय जनं येऊन गेली," ती म्हणाली. "समद्यांनी आदी भिंती ठोकून बगितल्या. आदी नदीवर आलेलं तुमीच पयले." भाऊ तिच्याबरोबर जाऊन घर बघून आले. आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. आईला एवढंच म्हणाले, "खिडकीत बसलं का पान्याचा आवाज येतो." मग सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसून म्हणाले, "पन डाळीचं तू बग. न्हाई शिजली तर न्हाई. ही मानसं घर दुसऱ्याला देतील."

आईनं पेठेच्या आडाचं पाणी आणलं, एक घोट घेतला, आभाळाकडे बघितलं. बरं की जड, काहीच बोलली नाही. स्टोव्ह पेटवला, डाळ चढवली. मावशी पानाचा डबा घेऊन वरच्या पायरीवर बसली. भाऊंनी नेहमीसारखी मला हाक मारली आणि आम्ही पेठेकडे निघालो, पण माझा जीव खाली अडकला होता. आईला हे घर आवडलं होतं की नाही, मला कळेना. टाकव्याचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर होतं. पण भाऊ आज मुके होऊन आले होते, आणि मुके भाऊ म्हणजे तिच्यासाठी खाट आणि भिंत. ती चिंच टाकणार, हे मला दिसत होतं. टाकली की संध्याकाळी घर पडलंच म्हणायचं. सांगून टाकावं की गप्प बसावं, या विचारात मी दोन दुकानं ओलांडली. आणि मारुतीच्या देवळाशी भाऊ अचानक वळले. "चल, खाली जाऊ," म्हणाले.

आई पाठमोरी होती. झाकण बाजूला, एक हात पातेल्यावर, मूठ मिटलेली. भाऊ मागच्या पायरीवर थांबले.

"आज चिंच नगं टाकूस," ते म्हणाले.

आईचा हात तसाच अधांतरी राहिला. "कसली चिंच?"

"वाईला टाकली व्हती ती. सासवडला टाकली ती. भोरला तर जरा जास्तीच पडली."

आई हळूहळू वळली. तिचा चेहरा मी आयुष्यात तसा परत पाहिला नाही. पकडली गेलेली लहान मुलगी आणि चिडलेली बायको, दोन्ही एकदम. "तुमाला ठाव व्हतं?"

"आगं, गाव गेलं माजं धरनात," भाऊ म्हणाले, "जीब न्हाई गेली."

मला हसू फुटलं. आजपर्यंत धरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा. मावशीला काही कळलं नव्हतं तरी तीही हसायला लागली. आई मात्र हसेना. "मंग येवढे दिस बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू डाळ शिजवून दाखवली असतीस. मंग फुडल्या रविवारी कुटं गेलो असतो आपन?" भाऊ खाली येऊन तिच्याशेजारी उकिडवे बसले. "तू घरात लय गप असतीस. एस. टी.त बसली का 'हां, मंग?' म्हनतीस. ते मला ऐकायचं असायचं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "ह्यो स्टो लय धुरावतोय," म्हणाली. मग मूठ उघडून चिंच परत कमरेच्या पिशवीत टाकली. नदीत फेकून बिकून दिली नाही, चिंच फेकणारी बाई नव्हती ती. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "हितं आल्यावं तुमी पुन्यांदा भिंतीकडं तोंड करून पडाल."

"हितं कुटली आलीया भिंत? खाटेपाशी खिडकी हाये."

मग आम्ही चौघं डाळ शिजायची वाट बघत बसलो. स्टोव्हच्या ज्योती वाऱ्यानं लवत होत्या. भाऊ मावशीला पेठेतल्या एकेका घराचं विचारत होते, ती सांगत होती. आई मधूनमधून झाकण काढायची, पळीनं दाणा घ्यायची, दाबायची, झाकण ठेवायची. पुन्हा काढायची. ऊन पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आलं. आईच्या कपाळावर आठी चढत गेली. चिंच नाही, मीठ नाही, नुसती डाळ आणि हळद, आणि दाणा मात्र टणक. रॉकेल संपत आलं तरी टणक. शेवटी तिनं पळी खाली ठेवली आणि भाऊंकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. "देवाशप्पत, म्या काय बी टाकलं न्हाई," ती म्हणाली.

भाऊंनी ताटली ओढून घेतली. भाकरी कुस्करली, त्यावर डाळ ओतली, मोठा घास तोंडात घातला आणि चावायला लागले. कडकड असा आवाज मला नीट ऐकू येत होता. बराच वेळ चावल्यावर त्यांनी घास गिळला.

"लोन्यावानी शिजलीया," ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनंही ताटली घेतली, घास घेतला आणि कडकडा चावत म्हणाली, "व्हय. लय मऊ हाये." आणि मग मात्र ती हसायला लागली, इतकी की घास तोंडात राहीना. मी तिला तशी हसताना कधी पाहिली नव्हती.

मावशीनं तोंडावर पदर धरला होता. "मी लगीन होऊन हितं आले," ती म्हणाली, "तवापासून या आडाच्या पान्यात कुनाची डाळ शिजल्याली बगितली न्हाई. समदी रातभर भिजत घालत्यात. मी सांगनार व्हते, पन तुमी लय हौसनं बसला व्हता."

"आमची शिजली, मावशी," भाऊ म्हणाले. "आमी घर घेतो."

राहायला आलो त्याच्या पुढच्याच रविवारी आईनं खुंटीवरची पिशवी काढली. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणे, डाळीचं झालं, आता कुठल्या गावच्या पाण्यात भात कसा होतो ते बघायला नको का? भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आधीच दारात उभे होते. पाय चालले तोवर दोघं हिंडत राहिले.

मी नोकरीसाठी पुण्यात राहून आले, संसार केला, आणि परत याच घरात आले. फळ्यांचं दुकान आता बंद असतं, खिडकी मात्र उघडी असते. नळ आलाय, पण त्यालाही त्याच आडाशेजारच्या विहिरीचं पाणी. डाळ अजून शिजत नाही. चिमूटभर सोडा घाला, कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त काढा, असं शेजारणी सांगतात. मी करत नाही. पाहुणे जेवायला बसले की आधीच सांगून ठेवते, "सांभाळून हं, आमच्या गावची डाळ जरा चावून खावी लागते." ते हसून विचारतात, "गाव कुठलं तुमचं?" आणि मी त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवते.